फांदीवरचा कालिदास आणि खालचे पंडित

कालिदासाची ती दंतकथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. तो ज्या फांदीवर बसला होता तीच फांदी बुंध्याच्या बाजूने तोडीत होता. खालून पंडित चालले होते. एका गर्विष्ठ राजकन्येची खोड मोडण्यासाठी त्यांना एक अस्सल मूर्ख हवा होता. तो त्यांना आयता सापडला. पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे : राजकन्या, कालीमाता, महाकाव्ये. पण मला त्या कथेतली एक गोष्ट नेहमी खटकत आली आहे. एवढे शहाणे लोक त्या झाडाखाली उभे होते, आणि ‘अरे, अलीकडे सरक, पडशील’ असे त्यांच्यापैकी एकानेही म्हटल्याचे कोणी सांगत नाही. त्यांनी त्याला खाली बोलावले ते त्याच्या जिवासाठी नव्हे, स्वतःच्या कामासाठी. त्यांनी पाहिले, ते हसले, आणि या माणसाचा आपल्याला काय उपयोग होईल याचा हिशेब त्यांनी मनात करून टाकला.

मला या लेखात त्या पंडितांविषयी लिहायचे आहे. कालिदासाविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत.

मी मुळशी तालुक्यात कोळवणला राहतो. पौडहून तिकोन्याच्या दिशेने निघालात की वाटेत आमचे खोरे लागते. खाली भाताची खाचरे, बांधावर आंबे-जांभळी, वर डोंगराला ऐन, किंजळ, हिरडा. मी मॅट्रिक झालेला माणूस. शाळेत हस्तव्यवसाय शिकवतो, मराठीचे शिक्षक रजेवर असले की त्यांचे तासही घेतो, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. यातले तिसरे काम कोणी विचारले तरच सांगतो. तर मराठीच्या तासाला दर वर्षी एक निबंध ठरलेला असतो : ‘झाडाचे मनोगत’. मुले तो तोंडपाठ लिहितात. मी एक आंब्याचे झाड. माझ्या अंगाखांद्यावर पाखरे खेळत. मग एके दिवशी एक निर्दय लाकूडतोड्या आला आणि त्याने माझ्यावर घाव घातले. पंचवीस वह्यांत पंचवीस निर्दय लाकूडतोडे! ज्याचा बाप हिवाळाभर मजुरीने झाडे पाडतो असा मुलगाही त्याच वर्गात बसलेला असतो, आणि त्याच्याही वहीत तो लाकूडतोड्या निर्दयच असतो, कारण मार्गदर्शकात तसे छापलेले आहे. त्याचा बाप संध्याकाळी घरी येतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत भुसा असतो, कानांत घुमघुम असते आणि बोटांना मुंग्या आलेल्या असतात. त्याचे मनोगत परीक्षेत येत नाही.

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही आपली म्हण. दांडा लाकडाचाच आणि तोच लाकडाच्या मुळावर येतो, असा तिचा भाव. पण दांडा आपण होऊन कधी उठतो काय? झाड तोडायला लावणारा माणूस वेगळा असतो. त्याला बंगल्याच्या ओसरीवरून डोंगर दिसायला हवा असतो, किंवा प्लॉट सपाट हवा असतो, किंवा रस्ता रुंद हवा असतो. तोडणाऱ्याचे झाडाशी काही वैर नसते. त्याला त्या दिवसाचा रोज हवा असतो. तरी मनोगतात नाव येते ते त्याचे, आणि बंगल्यात वृक्षप्रेमावर पुस्तके असतात.

पूर्वी आमच्याकडे मोठे झाड पाडायचे म्हणजे दोनतीन माणसांचे दिवसभराचे काम असे. कुऱ्हाडी, वाखाचा दोर, आणि खोड जाड असले तर दोघांनी दोन टोकांना धरून ओढायची करवत. आता पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत घेऊन एकटा माणूस अर्ध्या तासात तेच काम करतो. गावात तिला नुसते ‘कटर’ म्हणतात. जर्मनीत आंद्रेआस श्टील याने १९२६ साली विजेवर आणि १९२९ साली पेट्रोलवर चालणारी करवत काढली, तेव्हा ती उचलायला दोन माणसे लागत. पुढे अमेरिकेत ऑरेगन प्रांतात जो कॉक्स नावाच्या एका लाकूडतोड्याने १९४६ साली एका खुंटात लाकूड पोखरणारी अळी पाहिली. ती जबडा डावी-उजवीकडे चालवीत होती, आणि लाकडाचे धागे उभे असोत की आडवे, सारख्याच सहजतेने वाट काढीत होती. तिच्या जबड्यावरून त्याने साखळीचे दात घडवले. आज जगभर ज्या साखळ्या फिरतात त्यांचे दात त्याच घडणीतून निघालेले आहेत. हा शोध एका लाकूडतोड्याने लावला, हे मी मुद्दाम सांगून ठेवतो; ‘अडाणी’ या शब्दाशी पुढे आपली गाठ पडणार आहे.

यंत्र हलके झाले आणि स्वस्तही झाले. पाचसहा हजार रुपयांपासून ते मिळते आणि घरपोच येते. खोक्यात यंत्र असते, पाना असतो, धार लावायची गोल कानस असते, आणि परक्या भाषेतली एक पुस्तिका असते. त्या पुस्तिकेतला माणूस पाहण्यासारखा असतो. डोक्यावर शिरस्त्राण, तोंडासमोर जाळी, कानांवर टोप्या, अंगात जाड विजार, पायांत पोलादी टोकाचे बूट. आमच्याकडचा माणूस बनियनवर असतो, खाली अर्धी चड्डी आणि पायांत स्लिपर. माझे म्हणणे असे आहे की पुस्तिकेतला तो पोशाख हाही यंत्राचाच भाग आहे. पुली आणि साखळी जशी वेगळी विकता येत नाही, तशी करवत आणि विजार वेगळी विकता येऊ नये. आज बाजारात अर्धे यंत्र विकले जाते, आणि उरलेल्या अर्ध्याची भरपाई माणूस आपल्या कातडीने करतो.

हे अलंकारिक वाक्य वाटू नये म्हणून ते यंत्र चालते कसे हे जरा विस्ताराने सांगतो. वाचकांपैकी कित्येकांनी त्याचा आवाज रविवारी दुपारी लांबून ऐकला असेल, तेवढाच.

लांब पोलादी पट्टीच्या कडेने साखळी फिरते, सेकंदाला वीस मीटरच्या आसपास वेगाने. या पट्टीच्या टोकाचा वरचा चतकोर हा सर्वांत घातकी भाग. तो चतकोर दुसऱ्या फांदीला किंवा गवतात लपलेल्या खुंटाला टेकला की साखळी तिथे कापत नाही, अडकते. आणि तिचा सगळा जोर पट्टीला वर आणि मागे, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे आणि मानेकडे फेकतो. हे पापणी लवायच्या आत होते. ‘मी सावध असतो’ असे म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावे की सावधपणाला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळच इथे नसतो. म्हणून पुढल्या मुठीसमोर एक आडवी ढाल बसवलेली असते. झटका बसला की ती पुढे ढकलली जाते आणि साखळी जागच्या जागी थांबते. १९७० च्या दशकापासून असा ब्रेक या यंत्रांवर येऊ लागला. आमच्या खोऱ्यात मी हाती घेऊन पाहिलेल्या कटरांपैकी कित्येकांची ती ढाल मोडलेली होती, काहींची काढूनच टाकलेली होती. कारण विचारले तर, ‘मधे मधे येते, गुरुजी.’ मी मुलांना पटाशी शिकवतो तेव्हा पहिला धडा असा असतो की दोन्ही हात धारेच्या मागे. पटाशीसारख्या मुक्या हत्याराला जो नियम लागतो तो या बोलक्या राक्षसाला लागत नाही असे समजणारा माणूस शूर नसतो. त्याला कोणी शिकवलेले नसते एवढेच.

दुसरी गोष्ट डाव्या पायाची. यंत्र दोन्ही हातांनी धरून माणूस उभा राहतो तो डावा पाय पुढे टाकून. करवत लाकडातून एकदम आरपार सुटली, किंवा दमलेला हात खाली आला, की ती उतरते डाव्या मांडीवर किंवा गुडघ्यावर. ती जाड विजार यासाठी असते. तिच्यात लांब धाग्यांचे थर असतात. साखळी कापडाला लागताच ते धागे उपसले जाऊन फिरत्या चक्रात गुंततात आणि यंत्र गुदमरून बंद पडते. विजार फाटते, मांडी राहते. मांडीतली मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणसाजवळ फार थोडी मिनिटे असतात, आणि आमच्या वाड्यांवरून पौडला यायलाच त्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. पुणे तर दूरच. जखमेत मूठभर हळद कोंबून गाडी शोधीत हिंडण्याची आमची जी पद्धत आहे ती इथे उपयोगाची नाही. स्वच्छ कापडाची घडी करून अंगाचा भार टाकून दाबून धरायची, सोडायची नाही. तरीही रक्त थांबत नसेल तर जखमेच्या वर मांडीला रुंद पट्टा आवळायचा, आणि १०८ ला फोन एकाने करायचा, सगळ्यांनी नव्हे.

पण करवतीपेक्षाही झाड मोठे. झाड कापणे वेगळे आणि पाडणे वेगळे. कापता कापता एका क्षणी ते आपणहून पडू लागते. तो क्षण आणि ती दिशा हातात ठेवणे एवढीच ती विद्या. ज्या अंगाला पाडायचे त्या अंगाला आधी खोडाच्या पाव जाडीइतकी खाच घ्यायची. मग उलट अंगाने काप घ्यायचा, पण आरपार नव्हे. मधे जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी लाकडाची पट्टी राखायची. ती पट्टी म्हणजे दाराची बिजागरी. झाड तिच्यावर वळून ठरल्या जागी पडते. ती कापून टाकली की झाडाला धनी उरत नाही. पुढे झुकलेल्या झाडाला मागून घाईत काप दिला तर खोड उभे चिरते आणि त्याचा मागला फाळका उसळून माणसाच्या छातीवर येतो. काप सुरू करण्याआधी पळायची वाट साफ करायची, आणि ती मागे तिरकी काढायची. सरळ मागे नव्हे, कारण पडताना बुंधाही मागे सरकतो. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरे कोणी नको. एक झाड दुसऱ्यात अडकले तर त्याच्याखाली जायचे नाही, आणि ज्याने त्याला तोलले आहे ते झाड तर मुळीच कापायचे नाही.

कुऱ्हाडीच्या काळातल्या म्हाताऱ्यांना हे बहुतेक सगळे ठाऊक होते. खाच त्यांनाही घ्यावी लागे. शिवाय कुऱ्हाड सावकाश. दोन घावांच्या मधे शांतता असे आणि त्या शांततेत झाड करकरत असे. ‘बोललं की मागं व्हावं,’ असे ते सांगत. कटरचा आवाज शंभर डेसिबेलच्या वर जातो. त्यात झाड बोलले काय आणि न बोलले काय. आजच्या पोरांच्या हाती कुऱ्हाड पडण्याआधी कटर आला. म्हाताऱ्यांची विद्या एका पिढीत बुडाली आणि नवी विद्या खोक्यातल्या पुस्तिकेत परक्या भाषेत राहिली. मधली ही जी पोकळी आहे तिच्यात माणसे मरतात.

म्हणून कुऱ्हाड परत आणा, असे मी म्हणत नाही. जुन्याची आरती ओवाळणाऱ्यांतला मी नव्हे. राबासाठी टहाळ तोडताना ऐनावरून पडून कंबर मोडलेला माणूस आमच्या प्रत्येक वाडीत एक तरी असायचा. यंत्र येणारच, आणि यावे. पण ते आले की त्याच्या दुखण्यांचेही भान यायला हवे. जपानच्या सरकारी जंगलांत १९६० च्या दशकात या करवती चालवणाऱ्यांची बोटे थंडीत मेणासारखी पांढरी पडू लागली. यंत्राच्या थरथरीने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू बिघडतात, हे तिथे उघड झाले. कामगार भांडले, आणि दिवसाला दोन तासांहून अधिक करवत चालवायची नाही अशी मर्यादा तिथे घातली गेली. आमच्याकडे सकाळी आठला सुरू केलेले यंत्र जेवणापुरते थांबते आणि पेट्रोल भरताना थांबते. तेही तापल्या यंत्रात, ओठांत विडी धरून.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला लागले आणि घाट चढून मुळशी-मावळात आले. टाळेबंदीचे दिवस होते. घरांचे पत्रे उडाले, झाडे आडवी झाली, वाटा बंद पडल्या. पडलेले झाड उभ्या झाडाहून अधिक फसवे असते, हे त्या आठवड्यात पुष्कळांना कळले. वाकून दबलेल्या फांदीच्या एका अंगाला दाब असतो आणि दुसऱ्या अंगाला ताण. दाबाच्या बाजूने कापाल तर करवत चिमटते. ताणाच्या बाजूने एकदम कापाल तर फांदी धनुष्यासारखी सुटते. मुळांसकट उपटलेल्या झाडाचा बुंधा कापला तर मुळांचा तो प्रचंड गड्डा उलटा खड्ड्यात जाऊन बसतो, आणि त्या खड्ड्यात काय चालले आहे ते पाहायला नेमकी लहान मुले उतरलेली असतात. कोकणात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान रस्ते मोकळे करीत होते, त्यांच्या डोक्यावर शिरस्त्राणे होती. वाडीवाडीतून तेच काम करणारे गावकरी अनवाणी होते. झाडांची जात एक, करवत एक. फरक एवढाच की जवानाच्या जिवाचा कोणीतरी जबाबदार होता.

आता पंडित काय म्हणतात ते ऐकू.

पहिले म्हणतात, नशीब. सटवीने पाचव्या दिवशी कपाळावर जे लिहिले ते चुकत नाही. ठीक. मग ब्रेकची ढाल मोडलेली असेल आणि मालक ती बदलून देणार नाही हेही सटवीने लिहिले होते काय? सटवी इतकी तपशिलात जाते असे मला वाटत नाही.

दुसरे म्हणतात, देवाचा कोप. आमच्या बाजूला देवराया आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला आणि त्यांचे मोल शहरातल्या लोकांनाही कळले. या राया राखल्या गेल्या त्या देवाच्या धाकाने, हे मला मान्य आहे, आणि त्या धाकाबद्दल मला आदरही आहे. पण एक कोडे सुटत नाही. झाड विकणारा घरी असतो, घेणारा वखारीत असतो, सौदा जुळवणारा हॉटेलात चहा पीत असतो. आणि देवाचा कोप दर वेळी रोजावर आलेल्या माणसाच्याच टाळक्यात बसतो. देवाला पत्ता चुकीचा कोण देतो?

तिसरे म्हणतात, ही माणसे अडाणी. शिरस्त्राण दिले तरी घालत नाहीत, शिवाय पितात. हा आक्षेप सुशिक्षितांचा आवडता आहे. त्याला माझे उत्तर असे की तुम्ही दिले कधी? ज्याला कोणी दिले नाही त्याने ते घातले नाही, हा त्याचा दोष कसा? पुण्याच्या रस्त्यांवर पदवीधर माणसे शिरस्त्राण कोपराला अडकवून स्कूटर चालवतात; त्यांना अडाणी म्हणण्याची पद्धत नाही. आमच्या तालुक्यात तोडीच्या आणि कोळशाच्या कामाला पुष्कळदा कातकरी असतो. त्याच्या जमातीचे नावच खैराचा कात काढण्यावरून पडलेले. कुठल्या झाडाचे लाकूड चिवट आणि कुठले ठिसूळ हे त्याला पान न पाहता, नुसत्या सालीवरून कळते. बंगल्यांभोवती हौसेने लावलेल्या गुलमोहराची फांदी माणसाचा भार घेत नाही, हे तो मालकाला सांगतोही. मालक म्हणतो, ‘चढ रे, काही होत नाही.’ यातला अडाणी कोण? राहिली दारू. पिणारे पितात. पिऊन आलेल्याला परत पाठवण्याचा अधिकार कामावर लावणाऱ्याला असतो. तो तो वापरत नाही, कारण झाड आजच पडायला हवे असते.

चौथे म्हणतात, हे सगळे महाग पडेल. पडेल. अंगावरचा तो सरंजाम स्वस्तातल्या कटरपेक्षाही महाग असू शकतो. ज्याला झाड तोडून हवे आहे त्याने हा खर्च झाडाच्या खर्चात धरावा. आज तो खर्च वाचत नाही, फक्त दुसऱ्याच्या घरी जाऊन पडतो.

पाचवे पंडित मला जवळचे, म्हणून त्यांच्याशी बोलणे सर्वांत कठीण. ते म्हणतात, झाड तोडूच नये. मग अपघाताचा प्रश्नच उरत नाही. ‘झाडे लावा, झाडे जगवा’ ही पाटी मीही मुलांकडून रंगवून घेतो. पण तारांवर आलेली फांदी, वाळवीने पोखरलेला आंबा, वादळात आडवी झालेली सावर, लाकडासाठीच लावलेली निलगिरी आणि सुरू, ही तोडली जाणारच. आणि ज्या तोडीला विरोध करायचा तिथेही तोडणाऱ्याला विसरून चालत नाही. मुंबईत आरेला ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रोच्या गाडीतळासाठी तोड सुरू झाली. त्या तोडीचा निषेध झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. २,१४१ झाडे पडली असा नेमका आकडा छापून आला. रात्रीच्या अंधारात झाड पाडू नये हा या धंद्यातला साधा नियम, कारण शेंडा दिसत नाही. मग त्या रात्री दिव्यांच्या उजेडात करवती धरून कोण उभे होते, त्यांच्या अंगावर काय होते, त्यांना या वेळी नाही म्हणता आले असते काय, याविषयी माझ्या वाचनात एक ओळ आली नाही. झाडांची मोजदाद झाली. माणसे निबंधातल्या लाकूडतोड्यासारखी बिननावाची राहिली.

कायद्याची दृष्टीही अशीच. महाराष्ट्रात झाडे तोडण्यास बंधन घालणारा कायदा १९६४ साली झाला. त्याच्या अनुसूचीत हिरडा आहे, साग आहे, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ आहे. शहरांसाठी १९७५ साली वेगळा कायदा झाला. २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान मिळाला आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी रोपे लावण्याचे बंधन आले. २०२४ च्या ऑगस्टात दंड हजार रुपयांवरून पन्नास हजारांवर नेण्याचे मंत्रिमंडळाने ठरवले. यातल्या एकाही गोष्टीला माझा विरोध नाही. झाडाचे वय मोजणारे सरकार मला आवडते. पण परवानगीच्या अर्जात झाडाची जात लिहितात, संख्या लिहितात, घेर लिहितात, कारण लिहितात. तोडणार कोण, त्याला हे काम येते काय, त्याच्याजवळ साधने आहेत काय, याला रकाना नाही.

आणि मजुरांचा कायदा? तो तर झाडांच्या कायद्याहून जुना. १९२३ साली कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला, आणि त्याच्या अनुसूचीत ताडमाडांचा रस काढणारे आणि झाडे तोडणारे यांचा धंदा नाव घेऊन घातलेला होता. आता तो विषय २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९८ साली जंगलकामातल्या सुरक्षिततेची सबंध आचारसंहिता छापली. म्हणजे इंग्रज सरकारलाही हा धंदा धोक्याचा वाटला होता आणि जगालाही वाटतो. आडवे येते ते आमचे ‘उक्ते’. झाड उक्ते दिले जाते. मालक म्हणतो, मी माणूस लावलाच नाही, मी झाड दिले. घेणारा म्हणतो, मी दुसऱ्याला दिले. दुसऱ्याने रात्री वाडीवर जाऊन दोघांना सांगितलेले असते. कागद कुठेच नसतो. त्यामुळे अपघात झाला की माणूस कोणाचाच नसतो. तो स्वतःच्या हौसेने झाडावर चढला होता असे ठरते. दवाखान्यात ‘झाडावरून पडला’ एवढे लिहिले जाते, जणू पेरू काढायला गेला होता. औदार्य म्हणून मालक तेराव्याला तांदळाचे पोते पाठवतो, आणि गाव त्या पोत्याचे कौतुक करते.

गेल्या काही वर्षांत आमच्या आणि शेजारच्या वाड्यांत असे अपघात मी पाहिले. एकाचा डावा अंगठा गेला. एकाला अडकलेल्या झाडाने दाबले. एकाची ओली फांदी विजेच्या तारेवर गेली. नावे लिहीत नाही, कारण त्यांची घरे आहेत आणि मुले शाळेत येतात. त्या प्रत्येक वेळी मी बारकाईने विचारपूस केली. यंत्र कोणाचे, बिघाड कोणता, बरोबर दुसरा माणूस होता काय. जे कळले त्यात अकल्पित असे काही नव्हते. सगळे त्या खोक्यातल्या पुस्तिकेत चित्रासह छापलेले होते.

माझी मागणी फार मोठी नाही. जो दुकानदार कटर विकतो त्याने विजार, शिरस्त्राण आणि मराठीत छापलेला कागद बरोबर दिल्याशिवाय विकू नये, आणि सरकारने त्याला तसे भाग पाडावे. औद्योगिक शिक्षण देणाऱ्या संस्थांत वेल्डर आणि वायरमन तयार होतात. झाड पाडणाराही पंधरा दिवसांत तयार करता येईल. परवानगीच्या अर्जात तो एक रकाना घालावा. आणि निबंधांच्या पुस्तकात ‘झाडाचे मनोगत’ असू द्या, पण त्याच्या शेजारी झाडाखालच्या माणसाचेही एक छापा.

सरकार हे करील तेव्हा करील. आमच्याकडे भातकापणी आता उरकत आली आहे. खळी झाली की तोडीचा हंगाम सुरू होतो आणि तो होळीपर्यंत चालतो. हा अंक वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांची आमच्या खोऱ्यात शेतघरे आहेत. तुमच्या कुंपणात कटरचा आवाज सुरू होण्याआधी खुर्चीतून उठून एवढे पाहा : साखळी थांबवणारी ढाल जागेवर आहे काय, माणसाच्या पायांत आणि डोक्यावर काही आहे काय, आणि हाकेच्या अंतरावर, पण झाडाच्या टप्प्याबाहेर, दुसरा माणूस उभा आहे काय. यातले एक जरी नसेल तर त्या दिवशी झाड उभे राहू द्या. रोज मात्र द्या; तो सकाळी वाडीवरून चालत आलेला असतो.